अंगणातला गणेर

भातसानगरच्या कॉलनीत नवीन साहेब राहायला आला, की आठ दिवसांच्या आत त्याची बायको धाऊला गाठायची आणि विचारायची, "धाऊ, मार्चमध्ये छान फुलेल असं काय लावू रे?" धाऊ धरणाच्या कॉलनीत बागकामाला होता. लगेच उत्तर देईल तर तो धाऊ कसला! आधी बंगल्याला फेरी मारणार, ऊन कुठून येतं ते बघणार, नळाची धार बघणार, आणि मग सांगणार. कुंपणाला बोगनवेल, खिडकीखाली मोगरा, फाटकाशी तांबडा चाफा. त्याने निवडून दिलेलं झाड फुललं नाही असं कधी झालं नाही. आणि एवढ्या शहाण्या माणसाच्या सापगावच्या घरासमोर काय होतं म्हणाल, तर वालाचा मांडव आणि एक तुळस. देवकी, म्हणजे त्याची बायको, त्याला चिडवायची, "सायबिणींच्या दारात बगीचा, आमच्या दारात वाल." धाऊ म्हणायचा, "वाल खाता तरी येतो गो." यावर तीच हसायची, कारण वाल तिनेच पेरलेला असायचा.

सत्त्याण्णव साली देवकीला धाप लागायला लागली. हंडा उचलवेना, मग चालवेना, पाय सुजून आले. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून धाऊला बाजूला घेतलं. काळजाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन सोसवणार नाही, जपा म्हणाले. धाऊने तिची खाट ओटीवर आणून टाकली, म्हणजे निदान येणारंजाणारं माणूस तरी दिसेल. पण फागुनात आपल्याकडे ओटीवरून दिसतं काय? कापलेली शेतं आणि धूळ.

"अवो, पुढच्या फागुनाला माझ्या डोळ्यासमोर कायतरी फुलेल असं लावा," ती एक दिवस म्हणाली. "एवढ्या सायबिणींना लावून दिलंत."

इतक्या वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. धाऊ खाटेच्या कडेवर बसला आणि सायबिणींना सांगायचा तसं एकेक झाड सांगू लागला. मोगरा? त्याला रोज पाणी लागणार, आणि फागुनात विहिरीला पिण्यापुरतं राहतं, धरणातलं तर सगळं मुंबईला जातं. बोगनवेल? "कागदाची फुलं ती, वास नाय काय नाय," देवकी म्हणाली. पांगारा? त्यावर कावळे भांडतात, डोळा लागू देणार नाहीत. धाऊ पांढऱ्या चाफ्यावर आला, तेव्हा देवकी हसली. "तो म्हसणाकडं हाय. तिकडं बघायला मला अजून टाइम हाय." हसता हसता तिला धाप लागली. धाऊ पाठीवरून हात फिरवत राहिला.

मग तीच म्हणाली, "गणेर आणा."

देवकीचं माहेर मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याशी. तिथे रानात गणेर असतो. थंडीत सगळी पानं टाकतो, वाळल्या लाकडासारखा उभा राहतो, आणि फागुनात त्या उघड्या फांद्यांवर ओंजळीएवढी पिवळी फुलं येतात. पाणी घालावं लागत नाही. "लहानपणी वाटायचं, डोंगराला हळद लागली," देवकी म्हणाली.

धाऊने कॉलनीत कधी कुणाला गणेर सुचवला नव्हता. रानातलं झाड, अंगणात कोण लावतं! पण तो गेला. मनगटाएवढी जाड, स्वतःच्या उंचीची फांदी घेऊन यष्टीत चढला, तर कंडक्टर म्हणाला, लाकूडफाटा चालणार नाही. धाऊ म्हणाला, "लाकूड नाय हो, झाड हाय. बायको आजारी हाय, तिला बघायला नेतोय." कंडक्टरने मागच्या सीटखाली जागा करून दिली.

खाटेवर पडल्या पडल्या दिसेल अशा जागी फांदी लावली. पावसात तिला पानं फुटली. पण धाऊची हौस भागेना. कॉलनीतून त्याने तीन गुलाबही आणून लावले. दिवाळीनंतर पाणी पुरेना, आणि माघात गुलाब वाळून काड्या झाले. गणेरानेही पानं टाकली, पण त्याच्या शेंड्यांना कळ्या धरल्या होत्या. देवकी रोज त्या मोजायची. नऊ होत्या. धाऊ सायकल काढताना तिला विचारायचा, "किती?" ती बोटं दाखवायची, कारण बोलायला दम पुरत नव्हता.

माघ सरताना आमच्याकडे राबाची घाई असते. भाताचं रोप जिथे करायचं, तिथे शेण, तोडलेल्या फांद्यांचे टहाळ, वाळला पाला पसरून ती जागा भाजून काढावी लागते. धाऊला त्या वर्षी कुठली सवड? त्याचा धाकटा भाऊ चंदर म्हणाला, "दादा, तुझा राब मी रचतो." सख्ख्या भावाने करावं तेच करत होता बिचारा. धाऊ सायकलवर बसता बसता म्हणाला, "अंगणात वाळलेलं काय असंल तेपण ने." त्याच्या मनात वालाच्या काट्या होत्या, आणि ते तीन गुलाब.

दुपारी तो परतला, तेव्हा अंगण लख्ख होतं. गणेराच्या जागी वीतभर खुंट होता.

"सगळं साफ केलं," चंदर म्हणाला.

"गणेर?"

"ती काठी? ती तर वाळलेलीच होती."

धाऊने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांना झाडं दाखवली आणि स्वतःच्या भावाला एक झाड दाखवायचं राहिलं. चूक कुणाची होती, ते त्याला कळलं होतं.

तो ओटीवर गेला. देवकी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी त्याला राहू दे म्हणलं," ती थांबत थांबत म्हणाली. "तो म्हणला, दादानंच सांगितलंय." तिने दम घेतला. "बरोबर हाय तुमचं. तुमी बागवाले. कोण फागुनापर्यंत टिकंल, कोण नाय, तुमाला कळतं."

"नाय गो, देवके. आईची शपथ, मी गुलाब म्हणलो होतो."

धाऊ शेताकडे पळाला. राब अजून भाजला नव्हता. टहाळ उपसून त्याने फांदी काढली, पाण्याच्या बादलीत उभी केली आणि बादली तिच्या उशाशी आणून ठेवली. नऊपैकी पाच कळ्या शाबूत होत्या. एक तरी उमलू दे, म्हणून त्याने गावदेवीला नारळ बोलला. कळ्या एकेक करून काळ्या पडल्या आणि गळल्या. देवकी त्या गळताना बघायची. एकदा तिने धाऊच्या हातावर हात ठेवला. पण तिला त्याचं खरं वाटलं होतं, की नुसती त्याची कीव आली होती, ते तिने सांगितलं नाही आणि त्याला विचारवलं नाही. शिमग्याच्या चार दिवस आधी ती गेली.

पावसात खुंटाला धुमारे फुटले. तिसऱ्या वर्षी झाड फुललं. तेव्हापासून माघ सरायला लागला, की धाऊ आठ दिवसांची रजा टाकतो आणि गावाचे राब रचून होईपर्यंत गणेराच्या बुंध्याशी बसून राहतो. चंदर समोरून जाताना मान खाली घालतो, तर धाऊच त्याला हाक मारून चहा देतो.

दोन हजार चार साली नव्या साहेबाची बायको त्याला म्हणाली, "धाऊ, तुमच्या दारातलं ते पिवळं झाड आमच्याकडे लावा ना." आयुष्यात पहिल्यांदा धाऊ सायबिणीला नाही म्हणाला.

ओटीवरची खाट त्याने हलवलेली नाही. पहिलं फूल उमलतं त्या सकाळी तो ते खुडून उशाशी ठेवतो आणि दर वर्षी तेच सांगतो, "देवके, मी गुलाब म्हणलो होतो गो."