भिंतीवर देणगीदाराची जागा

सरांची आणि माझी पहिली भेट मी त्यांना रागावले तेव्हाची. कोरपन्याला शाळेच्या भिंतीवर मी हत्ती रंगवत होते आणि हे मधातच येऊन उभे.

"बाजूले व्हा भाऊ, उजेड अडवून राह्यले."

ते बाजूला झाले, पण गेले नाहीत. "हत्ती कोणी काढायला सांगितला?"

"हेडमास्तरनं. मले तर म्हैस काढायची होती."

सर खूप हसले. ते चंद्रपूरचे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, हे नंतर कळलं.

मग रविवारी त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांच्या बायको, आमच्या काकू, आधी जेवायला वाढायच्या, मग सर युरोपातली चित्रं दाखवायचे. प्रत्येक चित्राला त्यांचा तोच प्रश्न, हे कोणी काढायला लावलं? आधी चर्चनं, मग राजांनी, मग व्यापाऱ्यांनी. व्यापाऱ्यांना ताटातला मासा आणि बायकोची झालरीची कॉलर हवी. पुढे तर चित्र आधी काढायचं आणि गिऱ्हाईक मागून शोधायचं. मी म्हटलं, आमचंही तेच, आधी देऊळवाले होते, आता रिसॉर्टवाले, त्यांना नुसता वाघ पाहिजे. सर अधूनमधून व्याख्यानं द्यायचे, पुढच्या व्याख्यानात त्यांनी हे माझं नाव घेऊन सांगितलं. शिकलेली माणसं असं करत नाहीत, मी पुष्कळ पाहिली.

त्यांचे उपकार सांगायचे तर जिवतीकडच्या देवळाचं सांगते. भिंत अर्धी झाली आणि देणगी देणारे ठेकेदार अडून बसले. देवीच्या बाजूला, तिच्याएवढंच आपलं चित्र पाहिजे म्हणे. गावकरी म्हणाले, तसं काढलं तर भिंतीले चुना मारू. काम बंद. माझी वर्षभरातली एवढीच मोठी भिंत, ती जाणार होती.

मी फोन केला तसे सर बसनं आले. जाडं पुस्तक देवळाच्या पायरीवर उघडलं. चर्चमधलं चित्र, मधात देवमाता, खाली कोपऱ्यात हात जोडून गुडघ्यावर बसलेला लहानसा माणूस.

"हा कोण?" ठेकेदारांनी विचारलं.

"पैसे यांनीच दिले होते. तेव्हाची रीत होती ही."

"नाव काय याचं?"

"ते कोणाला माहीत नाही. पण कपडा पाहा, किती भारी काढला आहे."

ठेकेदारांनी त्या कपड्यावर बोट फिरवलं. मग मला म्हणाले, "बाई, माझं जाकीट बरोबर काढजो."

गावकऱ्यांनीही मान डोलावली. मी ठेकेदारांना देवीच्या पायाशी कोपऱ्यात, लहानसे, हात जोडून बसवलं आणि जाकिटाची एकेक गुंडी रंगवली. भिंत पूर्ण झाली, आजही आहे.

सरांना पंचाहत्तर वर्षं झाली. गुडघे दुखतात, तरी औषध घेत नाहीत, हे काकूंकडून कळलं. सर, औषध घ्या. मला अजून पुष्कळ भिंती रंगवायच्या आहेत, आणि प्रत्येक भिंतीमागे कोणी ना कोणी पैसेवाला असणारच. त्यांना समजवायला तुम्ही ठणठणीत पाहिजे.