गच्चीवरची शेवटची तार

पक्कड घेऊन गच्चीवर चढलेल्या जुमाबेकला दहा मिनिटांचं काम वाटलं होतं. तो इमारतीचा चेअरमन. जुन्या तारा कापायचं त्याने ठरवलं होतं. पण तारेवर पाय रोवून आयचुरोक उभी होती, आणि ही बाई अडून बसली की बिश्केकमध्ये कुणाचा बाप तिला हलवू शकत नाही.

आयचुरोक शिवणकारखान्यात कापड बेतते. वीस वर्षांपूर्वी बाहेरचं इंटरनेट परवडायचं नाही, म्हणून आठ इमारतींच्या पोरांनी गच्च्यांवरून तारा ओढून स्वतःचं जाळं विणलं. अल्माटीहून कुणी डिस्कवर भरून आणलेली जपानी कार्टून त्यातून घरोघर जात. नियम एकच, घेतलंस तर ठेव आणि पुढच्याला दे. नुसतं ओरपणाऱ्याला हाकलून देत. आयचुरोकने ती कार्टून किरगिझ भाषेत बोलून रेकॉर्ड केली. राजकन्या, राक्षस, म्हातारा, सगळे तिच्या एकटीच्या आवाजात, मधेच किटलीची शिट्टी. लोक हसले. हसोत बापडे! दुसरं कोण बोलणार होतं?

पुढे पोरं पांगली. एकच तार जिवंत राहिली. 'कावळा' नावाचं कुणीतरी दर आठवड्याला एक भाग उतरवून घेई. तेवढ्यासाठी तिने जुना संगणक चालू ठेवला होता.

"अगं, आता सगळं फोनवर मिळतं," जुमाबेक म्हणाला.

"किरगिझमध्ये दाखवा शोधून, बाइके," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली.

"बघतंय कोण तुझं ते?"

"एक जण."

"एकासाठी हे जंगल ठेवू? नाव सांग, सोडतो तार."

"चला, तारेलाच विचारू."

तारेमागोमाग दोघं कठड्यापाशी गेली. तार पाइपाच्या कडेने चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत शिरत होती. खिडकीत दुधाच्या खोक्यांत टोमॅटोची रोपं होती. ती रोपं जुमाबेकच्या आईने लावलेली. त्याने तार ओढून पाहिली.

खिडकीतून त्याच्या आईचं, बुरुल अपाचं, डोकं बाहेर आलं. "कोण मेला ओढतोय? थांबलं ना माझं!"

"अपा, तुम्ही कावळा?" आयचुरोक ओरडली.

"नाव नातवाचं. तो मॉस्कोला गेला, बटण मला शिकवून गेला."

"आई, तुला ते कळतं?"

"न कळायला काय झालं? आपल्या भाषेत बोलतात. तुझ्या फोनमधलं मात्र अक्षर कळत नाही, कधी विचारलंस?" जुमाबेकने हातातली तार सोडली. "आयचुरोक, तो म्हातारा जगतो का गं?"

"सांगणार नाही अपा. बघा."

आयचुरोकने हात पुढे केला. जुमाबेकने पक्कड तिच्या हातात ठेवली आणि त्याच्या ओढण्याने सोललेला तारेचा भाग गुंडाळायला चिकटपट्टी शोधू लागला.