भिंतीपासून वीतभर

सकाळी सव्वानऊला हे सुरू झालं. तेव्हापासून आमच्या भजनी मंडळाचे इतके किस्से साठले, की मोताळ्यात आता भजनापेक्षा तेच जास्त चालतात.

त्या सकाळी आमच्या कोठीच्या खोलीत गुणाजीबुवांचं भजन पहिल्यांदा टेप केलं. रेडिओवर पाठवायचं होतं. वाजवून पाहिलं, तर रांजणात तोंड घालून गायल्यासारखं! बुवा म्हणाले, "हा मी नाही. दुसराच कोनी हाय."

आमचे हे मास्तर. मशीनसोबतचं पुस्तक वाचून म्हणाले, भिंतींना कापूस लावू, खोली घुमणार नाही. मला वेगळीच धास्ती. मुलगी नुकती रांगायला लागलेली, अंगणात आड. अशा खोलीत चहा द्यायला गेलं, की तिचं रडणं ऐकू येईल का?

मंडळातले सगळे शेतकरी. पोत्याच्या गाद्या शिवल्या अन् गाडी भरतात तसा कापूस पायानं तुडवून भरला. गाद्या झाल्या दगड, आवाज तसाच. हे म्हणाले, पिंजून सैल भरा, चार बोटं जाड. बुवा म्हणाले, "असा पोकळ भरला तं जिनिंगवाला गाडी वापस करन, मास्तर."

पेटी चांगली वाजू लागली, पण ढोलकीचा घुमारा जाईना. मग गाद्या बांबूच्या चौकटींवर ताणून भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या केल्या. कोपऱ्यात तिरप्या, मागं हातभर जागा. घुमारा बसला.

थोड्या दिवसांनी थापेथापेला खणखण! सासूबाईंनी त्या जागेत पापडाचे डबे लावले होते. "रिकामी पडून राह्यली होती जागा," म्हणाल्या. "कोनाच्या कामाची?"

टेप करायच्या दिवशी डबे काढले, दाराला आतून गोधडी लावली. मी चहा देऊन परत आले, तर मुलगी अंथरुणावर नाही. ओसरीत नाही. आडात डोकावले. पाणी हलत नव्हतं. दार ढकलून आत गेले, बुवांचं भजन रंगात आलं होतं. "पोरगी दिसत नाही," एवढंच तोंडून निघालं.

सगळे आडाकडे निघाले. यांची नजर मशीनवर होती. म्हणाले, "कोनी हलू नका."

पेटी, ढोलकी, टाळ सगळं थांबलं. तरी मशीनवरचा आवाज दाखवणारा काटा हलत होता. थांबायचा, पुन्हा हलायचा.

बुवांनी कोपऱ्यातल्या गादीला कान लावला. "घोरून राह्यली थे." मी चहा घेऊन गेले, तेव्हा माझ्या मागोमाग रांगत येऊन गादीमागं शिरली होती.

कोणी अशी खोली करत असेल, तर त्याला एवढं सांगा. मागं जागा सोडच, पण खालून फळी ठोक.