जागलीची पाळी

"म्याडम, आदुगर ही उठती, मंग जमीन बोलती," पार्वताबाई म्हणाल्या.

ही म्हणजे त्यांची सून, सुमन. वसमत तालुक्यातल्या त्यांच्या गावात अधूनमधून जमिनीतून गुडगुड आवाज येतो, भांडी वाजतात आणि थांबतात. लोकांना सवय झाली आहे. मी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक. लोकांच्या भाषेत 'डोक्याची म्याडम'. भर दुपारी मी त्यांच्या अंगणात बसले होते. भाकरी थापणारी सुमन एकदम ताठ झाली. पिठाचा हात तिने जमिनीला लावला, मग धावत जाऊन मुलीला उचललं. "काय झालं?" असं मी विचारेपर्यंत माझ्या हातातली कपबशी वाजू लागली.

शेजारच्या ओसरीवरून एकाने सुमनला हात जोडले. गाव तिला भ्यायचं, अंगात येतं म्हणायचं, आणि वेळेवर जाग यावी म्हणून झोपायला तिच्याच अंगणात यायचं. आपली माणसं भीती आणि सोय एकाच डब्यात ठेवतात.

मला मात्र दिसली ती नवरा गेल्यापासून धड न झोपलेली बाई. आमच्या कामात याला हायपरव्हिजिलन्स म्हणतात, म्हणजे सतत सावध असणं. मोठा आघात होऊन जातो, पण तो संपल्याची बातमी शरीराला पोचत नाही. ते पहारा देतच राहतं.

मी नेहमीचा व्यायाम सुरू केला. "डोळे मिटा. तळपाय टेकवा. जमीन आपल्याला धरून आहे असं समजा."

"कोनती जमीन?" सुमन पहिल्यांदाच बोलली. "माज्या मालकाला जिनं गिळलं ती?"

व्यायाम तिथेच संपला. "सांगा," मी म्हटलं.

विहिरीचं काम चालू होतं. नवरा खाली, ती काठावर, दगडावर हात टेकून. "हाताला थरथर लागली. वाटलं, क्रेनची आसंल. म्या वरडले न्हाई, म्याडम." कडा खचली. तेव्हापासून ती जमिनीवर तळहात ठेवूनच पडते. पुन्हा चुकायचं नाही म्हणून.

तेवढ्यात माझं लक्ष मुलीकडे गेलं. बाहुली टाकून ते लेकरू आईसारखाच तळहात मातीवर ठेवून, श्वास रोखून बसलं होतं. त्या दिवशी मला खरी भीती वाटली ती तेव्हा. बशी वाजली तेव्हा नाही.

मी पार्वताबाईंना विचारलं, "शेतात रानडुकरं येतात. जागल कोण करतं?"

"पाळीपाळीनं करतेत. एकच मानूस रोज जागला तर मरंल की."

"मग या घरातली जागल?"

त्या उठल्या. सुनेजवळ जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "सुमन, आजपासून पाळी माजी. तू नीज."

सुमन हमसून हमसून रडली.

पुढे बरेच महिने गेले. डॉक्टरांच्या गोळ्या, माझ्याशी बोलणं. ओरडली असती तरी त्याला वर यायला वेळ नव्हता, हे आम्ही पुन्हा पुन्हा बोललो. कधी पटायचं, कधी नाही. शेजारी मात्र माझ्यावर नाराज. "चांगला भोंगा बंद पाडला की तुमी!"

परवा दुपारी गेले, तर सुमन लिंबाखाली गाढ झोपलेली, कुशीत मुलगी. तिचा तळहात लेकराच्या पाठीवर होता. शेजारी पार्वताबाई, हात जमिनीला लावून. मी बोलणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग घरातली भांडी वाजली. मायलेकी हलल्या नाहीत.

"तुम्हाला आधी कळलं?" मी कुजबुजले.

"कळतंय हाताला." त्यांचे डोळे भरून आले होते. "इतके दिस ही एकटीच आयकून राहिली होती. आन् आमी म्हनत होतो, आंगात येतंय."

जमीन अजून बोलते. तिच्यावर माझ्याकडे इलाज नाही. पार्वताबाईंची पाळी कोण बदलतं, एवढं मात्र मी आता दर खेपेला विचारते.