दोघं येऊ: नागपूरच्या ठिय्यावरची एक सकाळ

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, लॅपटॉप उघडला आणि एका कंपनीला होकाराचं उत्तर लिहिलं. चारच ओळी होत्या. पाठवायचं बटण मात्र दाबलं नाही. उत्तर मसुद्यांत ठेवलं आणि नागपूरचं तिकीट काढलं.

थोडं मागचं सांगतो. मी अर्थशास्त्र शिकवतो, पुण्यात. माणसांना काम कसं मिळतं आणि काम देणारा माणूस कसा निवडतो, हा माझा विषय. त्यातही रोजंदारीची भरती. उमरेडच्या पलीकडे माझं गाव आहे. तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. नागपूर हे मी पाहिलेलं पहिलं शहर, आणि पुढे माझ्या अभ्यासाचंही तेच झालं. तिथला मजुरांचा ठिय्या, म्हणजे कामाच्या शोधात सकाळी जिथे माणसं उभी राहतात तो चौक, मी गेली कित्येक वर्षं पाहत आलोय. खरं तर मी कमी आणि मेश्रामभाऊ जास्त. मेश्रामभाऊ नागपुरातच, महाल भागात राहतात. माझ्या प्रत्येक पाहणीत चौकाचौकांत जाऊन मजुरांशी बोलायचं काम त्यांनीच केलं. लेखांवर नाव माझं येतं, शेवटी आभारांत त्यांचं.

कंपनीला फोनवरून मजूर मिळवून देणारं ॲप बनवायचं होतं, सुरुवात नागपूरपासून. सल्लागार म्हणून मी हवा होतो. त्यासाठी कॉलेजातून मला लांब रजा घ्यावी लागणार होती, आणि मी रजेवर गेलो की आमचा प्रकल्प बंद. मेश्रामभाऊ पन्नाशी ओलांडलेले, शिक्षण बी.ए. या वयाच्या माणसाला नवं काम कसं मिळतं, हे आम्हा दोघांना आमच्याच अभ्यासातून माहीत आहे. फोनवर हे सांगणं मला बरं वाटेना. म्हणून प्रवास.

जाणं

पुण्याहून नागपूरला रेल्वेच बरी. संध्याकाळी बसलं की सकाळी उतरता येतं. समृद्धी महामार्गाने गाडी नेणारे लवकर पोचतात, पण टोल बराच लागतो, आणि सरळ रस्त्यावर डोळा लागायची भीती असते. थंडीत जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा. वर्ध्याच्या पुढे खिडकीतून येणारा वारा चांगला बोचतो.

स्टेशनाबाहेर मेश्रामभाऊ स्कूटरवर उभे होते. मफलर कानांवरून घेतलेला.

"सर, वजन वाढलं तुमचं."

"पुण्याचं पाणी."

"पाणी नाही, खुर्ची," म्हणाले आणि माझी बॅग पायाशी घेतली.

महालात त्यांच्या नेहमीच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाल्ले. हरभऱ्याची तर्री तिखट असते. सवय नसेल तर आधी अर्धी वाटीच मागा, पुन्हा मागितली तरी कोणी नाही म्हणत नाही. दोघांचं मिळून बिल पुण्यातल्या एका कॉफीपेक्षा कमी झालं. तिथेच सांगावं असं मनात होतं. पण ते ठेलेवाल्याशी त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलत बसले, आणि मी पोहे संपवले.

दुपारी टेकडीच्या गणपतीला गेलो. नागपूरला आलो की जातोच. मेश्रामभाऊंच्या घराण्याने छप्पन सालीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, ते आत येत नाहीत. "तुमचं तुमी पाहा, मी चहा सांगून ठेवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर्शन झालं. काही मागायचं सुचलं नाही, नुसता उभा राहिलो. खाली आलो तेव्हा चहा थंड होऊ नये म्हणून त्यांनी ग्लासावर बशी ठेवलेली होती.

तेव्हाही सांगितलं नाही.

मुक्काम ताईकडे, मनीषनगरला. ताई माझी थोरली बहीण. सीताबर्डीहून मेट्रोने गेलात तर तिकडे स्वस्तात आणि बिनधुळीचं पोचता येतं, पुढे थोडं ऑटोने. जेवायला सांबारवडी होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्याच्या मित्रांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. वाढता वाढता ताई म्हणाली, "तू मजुरांचा मोठा अभ्यासक ना? मंग माझ्या कंपाउंडचा कोपरा पडला, त्याले एक मिस्त्री आणून दे. रेती-सिमेंट येऊन पडलं आहे, माणूसच भेटून नाही राहिला."

ठिय्या

दुसऱ्या सकाळी मेश्रामभाऊंच्या मागे बसून लकडगंजकडच्या चौकात गेलो. प्रवासाच्या पुस्तकांत हा चौक सापडणार नाही, पण शहर कशावर उभं आहे ते बघायचं असेल तर सकाळी इथे या. फोटो काढू नका, लोकांना आवडत नाही. गवंडी थापी-ओळंब्याच्या पिशव्या घेऊन येतात. रेजा, म्हणजे माल वाहणाऱ्या बाया, घमेली उपडी घालून त्यांवर बसतात. ठेकेदाराची मोटरसायकल थांबली की आठ-दहा जण तिच्याभोवती होतात, दोघं-तिघं मागे बसून जातात, आणि उरलेले पुन्हा आपापल्या जागी.

मी दयाराम नावाचा मिस्त्री हेरला. माझ्याच वयाचा, हात रुंद, बोलणं कमी. काम सांगितलं. भिंतीचा कोपरा, एका दिवसाचं.

"येतो," तो म्हणाला. मग शेजारी बसलेल्या बाईकडे मान हलवली. "दोघं येऊ."

मी म्हटलं, काम लहान आहे. माल कालवायला, विटा द्यायला मी आणि हे भाऊ आहोत. एकटा मिस्त्री पुरे.

ती बाई, शकुन तिचं नाव, घमेल्यावरून उठलीसुद्धा नाही. "हे दोघं माल कालवतीन? चष्मे घालून?"

आजूबाजूचे हसले. मेश्रामभाऊ सर्वांत मोठ्याने.

"मंग आज नाही जमत, साहेब," दयाराम म्हणाला. आवाजात राग नव्हता, आर्जवही नव्हतं.

मी बाजूला जाऊन उभा राहिलो. माझा धंदाच बघत राहण्याचा. ऊन वर आलं, चौक रिकामा होत चालला. एक ठेकेदार आला, त्यालाही एकच मिस्त्री हवा होता. दयारामने त्यालाही तेच सांगितलं आणि तो दुसऱ्याला घेऊन गेला. माझ्या विषयाच्या हिशेबाने हा माणूस चुकत होता. उभं राहण्यात सकाळ जात होती आणि हातचं काम दोनदा गेलं होतं. अशा हटून बसण्याला मी माझ्या लेखांत काम आणि माणूस यांच्या जुळवणीतला अडथळा म्हटलं आहे. कंपनीला तोच अडथळा काढायचा होता: प्रत्येक माणूस वेगळा, त्याला त्याचे गुण, त्याचं काम. आमच्या प्रश्नावलीतही प्रत्येकाला वेगळा क्रमांक असायचा. जोड्या शेजारी शेजारी उभ्या दिसायच्या, पण त्या मोजण्यात येत नसत.

"चला सर, दुसरा पाहू," मेश्रामभाऊ म्हणाले.

"नको. दोघांना घेऊ."

"आता आलं ध्यानात," शकुन म्हणाली आणि घमेलं उचललं.

भिंत

ताईच्या अंगणात दोघांचं काम न बोलता चाललं होतं. दयारामचा हात मागे आला की त्यात शकुनने दिलेली वीट. मी मदतीला पुढे झालो तर शकुनने मला पाण्याच्या पाइपाकडे पाठवलं.

ताईने चहा आणला. "नवराबायको का वं तुमी?"

"नाही वं बाई. नवरा घरी आहे, पाय मोडला तेव्हापासून. हा कामाचा." आणि दयारामकडे बघून, "याची बायको मले राखी बांधाले लावते दरवर्षी, भरोसा नाही तिले."

दयाराम भिंतीकडे बघून हसला.

मी विचारलं, "एकट्याला काम मिळालं तर एक दिवस एकट्याने का जात नाही? त्या दिवशी दुसऱ्याने दुसरं बघावं."

शकुनने घमेलं खाली ठेवलं. "जाता येते ना. काहून नाही येत. पण मंग दुसऱ्या दिवशी ठिय्यावर कोणाच्या बाजूले उभं राहाचं?"

एवढं बोलून ती रेती भरायला गेली. ताई म्हणाली, खरं आहे वं, आणि कप गोळा केले.

दुपारी ते दोघं डबा खायला बसले तेव्हा आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. तिथे मी सांगितलं. कंपनी, रजा, प्रकल्प बंद होणं, सगळं एका दमात.

ते थोडा वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. "माहीत होतं."

"कसं?"

"तुमी कधी 'बाकी काय' म्हणत नाही. मागच्या फोनवर दोनदा म्हटलं. म्या बायकोले सांगितलं, सर चालले कुठीतरी."

"मी हो म्हटलेलं नाही अजून."

"काहून? जा ना. एवढ्या वर्षांनी कोणी बोलावून राहिलं. माझं काय, साळ्याचं दुकान आहे इतवारीत, बसीन तिथं गल्ल्यावर."

"तुम्ही गल्ल्यावर?"

"गिऱ्हाइकाले प्रश्न विचारीन. वय किती, मागचं काम कोणतं, किती दिवस घरी होते. दुकान बंद पाडतो महिन्यात."

दोघंही हसलो. मग ते उठले आणि ओल्या भिंतीवर उगाच हात फिरवून आले. दयाराम ओरडला, "ओ भाऊ, हात लावू नका ना गा," तेव्हा परत येऊन बसले. त्यांचं दुकानात बसणं थट्टेतलं नव्हतं, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळलं.

संध्याकाळी कोपरा उभा राहिला. ओळंबा लावून बघितलं, सरळ होता.

परतल्यावर

येताना संत्रा बर्फी आणली. ती स्टेशनावर न घेता गावातल्या दुकानातून घ्या, ताजी मिळते.

आता काय उरलं ते सांगतो. ठिय्या चांगला, असं मी म्हणत नाही. थंडीत उभं राहून दिवस वाया जाणं वाईटच आहे, आणि ते कमी करणारं साधन कोणी बनवत असेल तर त्याचं भलं होवो. माझं मत त्याबाबत बदललेलं नाही. कंपनीकडे जी माहिती जमेल तिची मी आयुष्यभर वाट पाहिली आहे, आणि ती मिळणार नाही याची रुखरुख आहे. देवापुढे बसलो तरी ती गेली नाही.

मी कंपनीला आधी एवढंच लिहिलं की आम्ही दोघं येऊ, मेश्राम आणि मी. त्यांच्या अधिकारी बाईंचा फोन आला, सौजन्याने बोलल्या. जागा एकच आहे, म्हणाल्या. शिवाय चौकात जाऊन माहिती आणायला त्यांना माणसाची गरज उरणार नव्हती, ते काम फोनच करणार होता. सोमवारपर्यंत विचार करा, म्हणाल्या.

मधल्या दिवसांत मेश्रामभाऊंनी दोनदा फोन करून मला वेडा म्हटलं. प्रकल्पाचं पुढचं वर्षच काय ते नक्की आहे, त्यानंतरचं आम्हा दोघांनाही माहीत नाही. तरी दुसऱ्या फोनच्या शेवटी त्यांनी विचारलं, नव्या प्रश्नावलीत जोडीला एकच क्रमांक द्यायचा की दोन. मी म्हटलं, एक.

सोमवारी सकाळी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, लॅपटॉप उघडला. मसुद्यांतलं होकाराचं उत्तर पुसलं. त्या जागी आभार मानले, त्यांच्या कामाला शुभेच्छा दिल्या, आणि खाली लिहिलं की एकट्याने येणं आज जमत नाही. एकदा वाचून पाहिलं. मग पाठवून दिलं.