होल्डवरची आरती
कापराचा वास आला की मला लालबागमधलं लग्नपत्रिका छापणारं आमचं छोटं ऑफिस आठवतं. जुना फोन सारखा बंद पडायचा, म्हणून इंटरनेटवरचा घ्यायचं ठरलं. दोन कंपन्या होत्या. एकीच्या फोनवर थांबलेल्या गिऱ्हाइकाला नुसतं टुकटुक ऐकू यायचं, दुसरीच्या फोनवर आपल्याला हवं ते लावता यायचं. आमच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, दुसरीला गणपतीची आरती लावायला सांगितली. चाचणीसाठी मी माझ्या मोबाइलवरून ऑफिसला फोन केला, कंपनीच्या माणसाने तो होल्डवर टाकला आणि माझ्या स्पीकरवर आरती सुरू झाली. भाऊंनी चपला काढल्या, कापूर लावला. आम्ही सगळेच टाळ्या वाजवत उभे राहिलो. तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर माटुंग्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांच्या मुलीच्या पत्रिका आम्ही छापायच्या की दुसऱ्या कुणी, ते त्या दिवशी ठरणार होतं. "भाऊ, उचला ना," कंपनीचा माणूस कुजबुजला. "आरती टाकून?" भाऊंनी डोळे वटारले. मशीनने माटुंग्याच्या गिऱ्हाइकालाही आपोआप आरती लावली. आमची संपल्यावर भाऊंनी घाईघाईने फोन उचलला. "माफ करा हं साहेब, आरती चालू होती." पलीकडचा आवाज चढला. "अहो, मग मध्येच तोडलीत कशाला? आमचं शेवटचं कडवं राहिलं ना! अख्खं घर उभं आहे इथे." भाऊंनी मुकाट्याने पुन्हा होल्ड दाबलं आणि त्यांची आरती पहिल्यापासून सुरू झाली. ऑर्डर आम्हालाच मिळाली, पण फोन आम्ही टुकटुकवाला घेतला. आजही मला कुणी होल्डवर ठेवलं, की माझा पाय आधी चपलेतून बाहेर येतो.