मामींचं गाणं आणि मामांचं मशीन

वीज गेली की सगळी गल्ली हळहळायची आणि धडधडेमामा हात चोळत उठायचे. हे आडनाव काही बापजाद्यांचं नव्हे, ते डिझेलच्या जनरेटरने मिळवून दिलेलं. सभा-समारंभांना जनरेटर भाड्याने देणं हा मामांचा धंदा. गाड्यावर बसवलेलं ते धूड म्हशीएवढं होतं आणि मामांचं त्याच्यावर प्रेमही दुभत्या म्हशीइतकंच.

"सूर्य संध्याकाळी घरी जातो. वारा म्हणजे रुसका जावई, मनात आलं तर येणार," मामा सांगत. "डिझेलचं तसं नाही. हाक मारली की हजर!"

"हजर होतं हो," मामी म्हणत, "पण घरभर काजळी धरते त्याचं काय? आणि तुमचे कान तर त्यालाच वाहिलेत. चहा झाला म्हणून हाक मारली की शेजारी कप घेऊन येतात."

त्या वर्षी महिला मंडळाच्या कार्यक्रमात मामी पहिल्यांदाच एकट्या गाणार होत्या. त्यांच्या गळ्याला 'फुटका भोंगा' म्हणणारी नणंद मुद्दाम पहिल्या रांगेत बसणार होती.

"अहो, मशीन जरा लांब उभं करा."

"वायर पुरत नाही गं. रंगमंचामागच्या खिडकीखालीच लागेल. आणि वीज कशाला जातेय?"

वीज गेली. मामी पहिल्या कडव्यात होत्या. मामांनी सवयीने हँडल मारलं. दिवे आले, माइक आला आणि खिडकीतून असा गडगडाट आत शिरला, की मामींचं नुसतं तोंड हलताना दिसू लागलं. नणंदेने रुमाल तोंडाला लावला. मामांनी खिडकीतून बायकोचा रडवेला चेहरा पाहिला आणि मशीन बंद केलं.

सभागृहाचे व्यवस्थापक अंधारात धडपडत आले. "अहो, बंद काय करता! लोक आरडाओरडा करतील!"

"करतायत का? ऐका की जरा."

कुणी हूं की चूं करत नव्हतं. मिट्ट काळोखात मामी माइकशिवाय गात होत्या. एक सूर घसरला, तो त्यांनी पुढच्याच ओळीत सावरून घेतला. मामा कानामागे हात धरून खिडकीला चिकटले होते.

"ही एवढं बरं गाते," टाळ्या पडल्यावर ते म्हणाले, "आणि मला कुणी बोललं नाही!"

"आता तरी लावा," व्यवस्थापक कावले. "माझं भाषण आहे."

"लावतो की!" म्हणत मामांनी मशीन पुऱ्या जोरात सोडलं.

व्यवस्थापकांचे ओठ बराच वेळ हलत होते. डिझेलचेही काही फायदे असतात, हे त्या संध्याकाळी नणंदेनेसुद्धा मान्य केलं.